वाळ्याचा वास, एकच रेघ

होळी आटोपली की रायपुरात घरोघरी कूलरवरची जुनी चादर निघते. पंप तपासतात, तळाचा गंज घासतात, ताट्यांमधलं गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसून नवा वाळा भरतात. मग पहिल्यांदा पाणी सोडलं की तो वास येतो. गल्लीच्या टोकाला कुणाकडे कूलर सुरू झाला तरी आपल्या ओट्यावर कळतं. शेजारच्या भाभी दारात थांबून लांब श्वास घेतात, पोरं जाळीला तोंड लावून आवाज काढतात. मी मात्र नाकाला ओढणी लावून आत जाते. इतकी वर्षं झाली तरी जाते. कुणी विचारलं तर मी ॲलर्जी आहे म्हणून सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न होत नाहीत.

आज सकाळी बाबांनी आमचा कूलर उघडला. आता वय झालं आहे, तरी पंपाला दुसऱ्या कुणी हात लावलेला खपत नाही. रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस, निवृत्तीनंतर सगळ्या मोहल्ल्याच्या कूलरांचा डॉक्टर झाला. भनपुरीच्या वर्कशॉपातून पत्रा कापून आणायचे, मोटर स्वतः बसवायचे. बाजारातला लाकडाचा भुसा भरलेला कूलर पाहिला की नाक मुरडायचे. वाळाच पाहिजे. वाळ्याशिवाय कूलर म्हणजे त्यांच्या मते नुसता पंखा आणि डबकं.

मी त्यांना वाळ्याच्या जुड्या हातात देत होते आणि श्वास जरा अडवूनच धरला होता.

ही गोष्ट छत्तीसगढ राज्य नवं होतं आणि रायपूर नुकतंच राजधानी झालेलं होतं तेव्हाची. रस्ते खणलेले, चौकाचौकात मंत्र्यांच्या गाड्यांसाठी शिट्ट्या, जुन्या बंगल्यांवर नव्या खात्यांच्या पाट्या. आपल्या शहरात आता काहीही होऊ शकतं असं सगळ्यांनाच वाटायचं. आमच्या कंपनीचे सर त्याच हवेत बंगलोरची नोकरी सोडून घरी परतले होते. समता कॉलनीत डॉक्टर साहूंच्या क्लिनिकच्या वर एक हॉल आणि आत एक खोली त्यांनी भाड्यानं घेतली आणि तिला प्रयोगशाळा म्हणू लागले. सर, मी, पुष्पा नावाची कामाला चोख टेक्निशियन आणि हाताखालच्या दोघी मुली, एवढीच फौज. नागपूरला एम.एस्सी. करून आलेल्या मुलीनं बँकेची परीक्षा द्यायची सोडून दवाखान्याच्या जिन्यावरच्या कंपनीत का जावं, हे आईला अजून कळलेलं नाही.

आम्ही ताप ओळखणारी पट्टी करत होतो. आमच्याकडे पावसाळ्याच्या शेवटी एक ताप येतो. गवतात राहणारा, डोळ्यांना धड न दिसणारा किडा चावतो आणि पुढच्या आठवड्यात माणूस फणफणतो. स्क्रब टायफस. त्या काळी हे नाव पुष्कळ डॉक्टरांनाही नवं होतं. मलेरियाचा ताप असाच, टायफॉइडचा असाच, त्यामुळे भलतेच उपचार चालत राहायचे. वेळेवर ओळखलं तर साध्या गोळ्यांनी माणूस उठून बसतो. नाही ओळखलं तर फुप्फुसं भरतात, किडनी बसते. रक्त मोठ्या शहरात पाठवायचं आणि रिपोर्टाची वाट पाहायची, तोवर कित्येक जण वाट पाहायला उरतच नसत. म्हणून आरोग्यसेविकेच्या पिशवीत मावेल, जिथं वीज नाही, फ्रीज नाही अशा गावात चालेल अशी पट्टी आम्हाला हवी होती. बोटातल्या रक्ताचा थेंब, वर औषधाचे दोन थेंब, आणि एक कप चहा होईल तेवढा धीर. एक रेघ उमटली तर पट्टी ठीक चालते आहे आणि आजार नाही. दुसरीही उमटली तर आजार आहे.

निरोगी माणसावर पट्टी उगीच होकार देत नाही ना, हे पाहायला निरोगी रक्त लागायचं, आणि त्यासाठी आमचे हक्काचे बाबा होते. दर नव्या खेपेला सायकल मारत भनपुरीच्या आमच्या घरून यायचे, ठरलेल्या खुर्चीत बसायचे आणि बोट पुढे करायचे. पुष्पा टोचायची. बाबा चष्मा कपाळावर सरकवून पट्टीवर वाकायचे आणि आमच्या आधी निकाल सांगायचे, "एकच रेघ." परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे ते तेव्हा खूश दिसायचे. घरी कुणी पाहुणा आला की त्याला सांगायचे, निवृत्तीनंतर त्यांचं बोट मुलीच्या कंपनीत नोकरीला लागलं आहे.

चौथ्या वर्षीचा नवतपा आठवला की अजून टाळू तापते. जेठातले ते नऊ दिवस इकडे मोजूनच सोसतात. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसायचं. आमच्या आतल्या खोलीत हवेतला ओलावा शोषून घेणारं एक यंत्र चालायचं, कारण पट्ट्या वाळवायच्या, कापायच्या आणि पाकिटात बंद करायच्या तर हवा कोरडी ठणठणीत लागते. पण ते यंत्र ओलावा शोषतं आणि बदल्यात गरम हवा ओकतं. खोलीची भट्टी व्हायची. मुलींच्या कपाळावरचा घाम पट्ट्यांवर पडू नये म्हणून आम्ही डोक्याला रुमाल बांधून बसायचो. एकदा त्यातली एक टेबलावर मान टाकून बेशुद्धच झाली. पावसाळ्यात पट्ट्या गावांत जायच्या होत्या, त्यामुळे काम थांबवायची सोय नव्हती.

मी हे घरी बोलले. तिसऱ्या सकाळी लोडिंग ऑटोतून बाबा आणि त्यांचा नवा कोरा कूलर समता कॉलनीत हजर. हॉलच्या खिडकीत त्यांनी तो स्वतः बसवला. पाणी भरलं, बटण दाबलं आणि वाळ्याच्या वासाची गार झुळूक थेट आतल्या खोलीपर्यंत आली. मुलींनी टाळ्याच वाजवल्या. सर शर्टाचं वरचं बटण उघडून कूलरपुढे उभे राहिले आणि हलायला तयार होईनात. मधलं दार उघडंच ठेवायचं, हे कुणी ठरवलंसुद्धा नाही. इकडे उन्हाळ्यात कूलर लागला की घरातली सगळी दारं उघडी राहतात, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून पाहत आलो.

कूलर हवा गार करतो ती पाण्यानं. पाणी हवेत मिसळतं म्हणून गार वाटतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, सरांनी तर ओलाव्याचा पट्टीवर काय परिणाम होतो यावर परदेशात व्याख्यान दिलं होतं. पण आमच्यासाठी कूलर ही काही विज्ञानातली वस्तू नव्हती. ती घरातली होती, देव्हाऱ्यासारखी. त्यामुळे आतल्या यंत्राची पाणी साठायची बादली दिवसातून कितीदा तरी भरू लागली तेव्हा पुष्पा ती ओतून येताना कौतुकानं म्हणाली की मशीन बढिया काम करत हे. मीही मान डोलावली. हवेत घातलेलं पाणी आम्ही पुन्हा हवेतून काढत होतो, आणि जे निघत नव्हतं ते पाकिटात बंद करत होतो. ताज्या पट्ट्यांनी आजारी नमुन्यावर दोन रेघा दाखवल्याही; ओलीनं आपलं काम पाकिटात हळूहळू केलं.

पुढे पाऊस आला. पट्ट्या गावोगावच्या केंद्रांत पोचल्या. नियम सोपा होता: पट्टी अजून परीक्षेत आहे, तिच्या निकालावर कुणाचा उपचार ठरवायचा नाही. डॉक्टरांनी आपल्या बुद्धीनं औषध द्यायचं, पट्टीचं खरंखोटं नंतर मोठ्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टाशी ताडून पाहायचं. कागदावर हे किती स्वच्छ दिसतं.

पोळ्याच्या पंधरा-वीस दिवस आधी बाबांनी घरामागच्या रिकाम्या प्लॉटमधलं कमरेएवढं गवत विळ्यानं कापून काढलं, साप निघतात म्हणून. पोळा आठवड्यावर आला. मातीचे बैल आणून कोनाड्यात ठेवले होते, आणि बाबांना ताप भरला. पहिले दोन-तीन दिवस त्यांनी तो अंगावर काढला. मग एका सकाळी आईनं बळंच ऑटोत बसवून त्यांना डॉक्टर साहूंकडे पाठवलं. खाली तपासून झाल्यावर कठड्याला धरत, दोनदा थांबत ते जिना चढून वर आले, आपल्या खुर्चीत बसले आणि बोट पुढे केलं. डॉक्टरांकडच्या तापाच्या रुग्णांचे नमुने आम्ही घेतच होतो, सरांनी मान डोलावली. पुष्पानं टोचलं. त्यांचं बोट मला टेबलाच्या पलीकडूनही गरम दिसत होतं.

पहिली रेघ उमटली. मी दुसऱ्या रेघेच्या जागेकडे पाहत राहिले. पांढरं होतं, पांढरंच राहिलं. बाबांनी नेहमीसारखा चष्मा वर सरकवला.

"एकच रेघ," ते म्हणाले, आणि तापातही हसले.

मला किती हलकं वाटलं हे मी लपवणार नाही. सरांनी त्यांना नियम समजावला, की ही पट्टी कच्ची आहे, हिच्यावर विसंबायचं नाही, डॉक्टर म्हणतील ते करायचं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. पण डॉक्टर साहूंनी संशयावर त्याच आजाराच्या गोळ्या लिहिल्या तेव्हा त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि घरी जाऊन तापाच्या साध्या गोळीवर पडून राहिले. रक्त बाहेर तपासायला गेलं होतं, त्याचा रिपोर्ट यायला वेळ होता. मी विनवलं, आईनं देवाची शपथ घातली. त्यांचं एकच म्हणणं होतं, की मुलीनं चार वर्षं घालून केलेली पट्टी नाही म्हणते आहे, आणि दुसऱ्याच्या अंदाजावर गरम औषधं कशाला घ्यायची. गोळ्या गिळायच्या म्हणजे घरच्या पट्टीवर अविश्वास दाखवायचा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. बाहेरच्या कुणी केलेली पट्टी असती तर ते इतके अडून बसले नसते.

त्या दिवसांची उमस मला शरीरात आठवते. कूलर नुसता पंख्यावर चालायचा, पाणी बंद, तरी चादरी ओलसर लागायच्या. ताप उतरायचं नाव घेत नव्हता. डोळे लाल झाले होते. बाबा मध्येच मला पुष्पा म्हणायचे, मध्येच कुठल्याशा जुन्या स्टेशनावर सिग्नलचा फ्यूज उडाला म्हणून उठून बसायचे. आईनं बोलणं कमी केलं होतं. मी दर थोड्या वेळानं त्यांचा श्वास पाहायची. तो भराभर चालला होता, आणि तसा चालला की पुढे काय होतं हे मी फार वाचलेलं होतं.

एका दुपारी त्यांनी मऊ भात आणि भाजलेला पापड मागितला. काही मागितलं याचाच आम्हाला आनंद. मी डबा उघडला आणि पापड उचलला तर तो कापडासारखा वाकला. आई कण्हल्यासारखं म्हणाली, की यंदाचे सगळे असेच, तुझ्या बाबानं नवा कूलर लावला त्याच्यासमोर बसून लाटले नं मी, वाळलेच नाहीत धड. आणि ती दुसरं काही शोधायला वळली.

मी तो पापड हातात धरून उभी राहिले. नवा कूलर. बाबांनी त्या नवतप्यात दोन केले होते, एक घरी आणि एक आमच्याकडे. माझ्या डोळ्यांपुढे पुष्पा बादली घेऊन गेली, पुन्हा गेली, पुन्हा गेली. पापड तसाच टाकून मी स्कूटरची किल्ली उचलली.

भनपुरीहून समता कॉलनीला स्कूटरनं जायला पंडरीच्या कापडबाजारातून जावं लागतं, आणि तीजेच्या तोंडावरचा तो बाजार. बहिणीला, लेकीला तीजेची साडी द्यायला सगळा जिल्हा रस्त्यावर उतरलेला. कुणी दुकानाच्या पायरीवर साडी उलगडून रंग पारखत होतं, बायका हसत होत्या, रिक्षावाले आरामात वळत होते. मी हॉर्न वाजवत, रडत, लोकांना शिव्या देत चालले होते. एका म्हातारीनं माझ्या तोंडाकडे पाहून आपल्या सुनेला बाजूला ओढलं आणि मला वाट करून दिली.

प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये आजार नक्की असलेल्या एका जुन्या रुग्णाचा नमुना होता. पुष्पानं माझा चेहरा पाहून काही विचारलं नाही. वसंतातल्या जुन्या खेपेची एक पट्टी आणि नवतप्यात केलेली एक पट्टी आम्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोन्हींवर तोच थेंब सोडला. जुनीवर दोन रेघा आल्या, ठळक. नवीवर एक आली. आम्ही वाकून पाहत राहिलो.

"दीदी, ये तो झूठ बोलत हे," पुष्पा हळूच म्हणाली.

सर मागे येऊन उभे होते. त्यांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या, मग हॉलच्या खिडकीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. ते मला एवढंच म्हणाले, की आधी खाली डॉक्टरांकडे जा, बाकीचं मी बघतो. मी जिना उतरत असताना ते फोनवर कुणाला तरी सांगत होते की सगळे डबे आजच्या आज परत पाहिजेत, आणि ज्याला ज्याला ही पट्टी लावली त्याला पुन्हा भेटा. गावांत आणखी किती बाबा एकच रेघ पाहून निर्धास्त झाले असतील, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो बाजूला सारला. त्या घटकेला मला माझेच बाबा दिसत होते.

डॉक्टर साहू क्लिनिक अर्धवट सोडून माझ्याबरोबर आले. त्यांनी बाबांची छाती ऐकली, माझ्याकडे पाहिलं आणि दवाखान्यात न्यावं लागेल, पण पहिली गोळी आत्ता इथंच गेली पाहिजे म्हणाले. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी खाटेशी बसले. "बाबा, माही पट्टी चुकली."

"काहून चुकन? मायाच रक्तावर तं तपासून राहिली तू चार वर्षांपासून."

"पट्ट्या खराब झाल्या होत्या. आता पाहून आली मी. तिनं नाही म्हटलं, ते खोटं आहे."

त्यांनी मान वळवली. ताप भरलेले ते लाल डोळे कितीतरी वेळ माझ्यावर होते.

"पट्टी खोटी बोलली असन," ते म्हणाले. "तू तं नाही बोलून राहिली ना?"

"नाही."

"मंग दे गोळी."

दवाखान्यात नर्सला त्यांच्या कमरेला, करदोड्याच्या खाली, विडीचा चटका बसावा तशी काळी खपली सापडली. किडा तिथंच चावला होता. बाबांना वाटलं होतं करदोडा घासून झालं. डॉक्टरांनी सगळीकडे पाहिलं होतं, तेवढी जागा धोतराच्या गाठीखाली राहिली होती. पहिले दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी ताप घामाबरोबर उतरला आणि बाबांनी पंख्याचा आवाज बरोबर नाही, बेअरिंग गेलं असेल, अशी तक्रार केली. आई तिथंच पदरात तोंड घालून रडली. बाहेरचा रिपोर्ट आला तेव्हा ते घरी ओट्यावर बसून पेपर वाचत होते.

तो सगळा हंगाम आमचा वाया गेला. पट्ट्या गोळा करून नष्ट केल्या. ज्यांना त्या लावल्या होत्या त्या सगळ्यांना आमची माणसं जाऊन भेटली. डॉक्टरांनी पट्टी न मानता औषध दिलं होतं म्हणून वाचलो, असं सर म्हणायचे. वाचलो म्हणजे आम्ही, हे ते मुद्दाम म्हणायचे. मधल्या दाराला आपोआप बंद होणारी कडी बसली. हॉलची खिडकी विटांनी बुजवली आणि एसी आला. बाबा पुढच्या उन्हाळ्यात ताट्या बदलायला आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, की आता एसी मिळाला, कूलर लागत नाही. त्यांनी बुजवलेल्या खिडकीवरून हात फिरवला, प्लास्टर चांगलं झालं आहे म्हणाले, आणि ऑटो बोलावून कूलर घरी घेऊन गेले. पट्ट्या का खराब झाल्या हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. सरांनी आणि पुष्पानंही कधी सांगितलं नाही, तसं कुणी ठरवलं नव्हतं तरी.

आता ती पट्टी दूरदूरच्या केंद्रांत चालते. उमस असो, ऊन असो, खरं बोलते. होकार चुकला तर माणसाला चार गोळ्या जास्त जातात, नकार चुकला तर माणूसच जातो, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते आणि मधल्या दाराची कडी दाखवते. माझा सगळा जन्म खोटा नकार पट्टीतून काढून टाकण्यात गेला. दर नव्या खेपेला बाबांना अजून आणते. ते बोट पुढे करतात, चष्मा वर सरकवतात. ते एकच रेघ म्हणेपर्यंत मी दुसऱ्या रेघेच्या जागेवरून नजर काढत नाही.

आज सकाळी शेवटची ताटी बसवताना त्यांचा हात थांबला. वाळ्याचे तुकडे धोतरावरून झटकत, माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "त्या वर्षी तुमच्या पट्ट्या या कूलरनंच खराब झाल्या होत्या ना?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "पावसाची ओल लागली होती."

त्यांनी मान वर केली. खाटेवरून गोळी घेण्याआधी पाहिलं होतं तसंच पाहिलं.

"हव," ते म्हणाले. पुष्पाकडून उचललेला हा छत्तीसगढी होकार ते एरवी थट्टेत वापरतात. आज थट्टा नव्हती.

मग त्यांनी बटण दाबलं. पाणी ताट्यांवरून झिरपू लागलं आणि तो वास खोलीभर झाला. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. कूलरसमोरची, आईनं सकाळी लाटलेल्या पापडांची परडी त्यांनी उचलली, आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि मधलं दार ओढून घेतलं.